दादाच्या मांडीचा तुकडा

माझा दादा सारसोळ्याच्या जेटीवर एकटा होडी ओढायचा. तिशीत त्याच्या मांड्या सुकायला लागल्या. आधी जिना चढताना कठडा धरू लागला, मग होडीत चढताना हाक मारू लागला. मी पावणे गावातल्या एका लॅबमध्ये स्नायूंच्या पेशींवर काम करते. म्हणजे त्याचा आजार माझ्याच विषयातला निघाला. नातेवाईक म्हणायचे, किती बरं झालं! डोंबलाचं बरं. आजाराला नाव आहे आणि औषध नाही, हे घरात एकट्या मलाच नीट कळत होतं.

एकदा त्यानं सरळच विचारलं, "बाय, आतमधी काय जिवंत हाय का सगला गेला? येवढा तरी सांग."

मांसाच्या धाग्यांना चिकटून काही राखीव पेशी असतात. धागा तुटला की त्या जाग्या होतात आणि डागडुजी करतात. दादाच्या मांडीत त्या उरल्या होत्या की संपल्या होत्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. पूर्वी अख्खा तुकडा वाटून तपासायचे. म्हणजे सगळी मच्छी एका पातेल्यात शिजवायची आणि मग विचारायचं, यात कोलंबी किती होती? आता एकेक पेशी सुटी करून, तिच्यात कुठली जनुकं चालू आहेत ते वाचता येतं. पण आम्हाला त्या पेशी जिवंत लागतात. तुकडा गार ठेवायचा, गोठवायचा नाही, आणि लगेच लॅबला पोचवायचा.

दादा आमच्या लॅबच्या अभ्यासात यायला तयार झाला. संमती आमच्या सरांनी घेतली, मी मुद्दाम बाहेर बसले. नेरुळच्या एका हॉस्पिटलात त्याच्या उजव्या मांडीतून बोराएवढा तुकडा काढला, कुपीत घातला आणि कुपी बर्फाच्या डब्यात ठेवली. मी डबा घेऊन निघणार तोच त्याला चक्कर आली, आणि त्यानं माझा हात काही सोडला नाही. बाबा म्हणाले, "मी नेतो. बरफाचा डबा मी जलमभर वागवलाय." मी बजावलं, गार राहू द्या, उघडू नका. ते चुलतभावाच्या रिक्षानं गेले.

वाटेत त्यांनी डबा उघडला. बर्फ त्यांना कमी वाटला. रिक्षा घरावरून घेतली, डब्यात नवा बर्फ भरला आणि वर जाड्या मिठाच्या चार मुठी टाकल्या. आमच्याकडे मच्छी लांब न्यायची असली की असंच करतात. मिठानं बर्फ आणखी गार होतो. मासा टिकतो. दादाचा तुकडा कुपीतच हळूहळू गोठला, बर्फाच्या सुया झाल्या आणि पेशी आतून फाटल्या. लॅबमधल्या मैत्रिणीचा फोन आला, "अगं, हा तर दगड झालाय." 

माझं डोकं फिरलं. उघडू नका म्हणजे उघडू नका, यात न कळण्यासारखं काय होतं? बाबा परत आले तेव्हा चेहऱ्यावर केवढं समाधान! "येकदम कडक ठेवला," म्हणाले. मी तोंड उघडलं, पण पलंगावरून दादाच आधी बोलला. फोन त्यानं ऐकला होता.

"बाबा, तुकडा लहान परला. अजून येक द्यावा लागंल."

"मंग माजा घ्या ना," बाबा म्हणाले. "रगत येकच हाय."

उजवीची जखम ताजी होती, म्हणून दुसरा तुकडा डाव्या मांडीतून घ्यावा लागणार होता. जमिनीवरून उठताना दादाचा सगळा भार त्याच मांडीवर असायचा. सरांनी त्याला दोनदा सांगितलं, नाही म्हण, कुणी काही म्हणणार नाही. मीही म्हटलं, मरू दे तो अभ्यास. तो माझ्यावरच भडकला. "तुज्यासाठी नाय देत मी. मना कलला पायजे."

त्यानं दिला. जखम भरायला फार वेळ लागला, आणि त्यानंतर दादा जमिनीवरून एकट्यानं उठला नाही. सर म्हणतात, आजारच पुढे गेला असता. असेल. मला अजून राग येतो, आणि तो नक्की कुणाचा ते सांगता येत नाही.

निकाल सरांनी दादाच्या हातात दिला. संध्याकाळी तो ओट्यावर खुर्चीत बसला होता, बाबा खाली जाळं सांधत होते. मी त्याला पुन्हा नीट समजावलं. त्या पेशी आहेत. जिवंत आहेत. पण भोवती चरबी साचलीय, आणि त्यांना जागं करणारे निरोप पोचत नाहीत.

"मंग जागी करा."

"अजून कोनाला येत नाय, दादा."

त्यानं डाव्या मांडीवर हात ठेवला. मग म्हणाला, "पन हायत."

"हायत."

बाबांनी जाळं खाली ठेवलं. "दोनी पायात हायत?" त्यांनी विचारलं. त्यांची मान खालीच होती. "का उजव्यातली मीच मारली?"

 दादा म्हणाला, "नाय बाबा. तो तुकडा लहान परला व्हता."

"मना ठावं हाय कसा लहान परला," बाबा म्हणाले, आणि तोंडाला टॉवेल लावून रडायला लागले.