चालतो, पण उलटा टांगावा लागतो

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामांनी उभी हयात साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे साखर पाडायच्या मोठ्या भांड्यावर, रस शिजवला. माझे पती त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले, त्यामुळे मामा निवृत्त झाले तरी पुरुषोत्तमनगरातलं, कारखान्याच्या वसाहतीतलं क्वार्टर सुटलं नाही. मी तालुक्यातल्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. मी वेबकॅमच्या नादी लागले आणि त्या नादात मामांनाही ओढलं, त्याची ही गोष्ट.

शाळेला एका ऑफिसने आपले जुने कॉम्प्युटर दिले होते. सुरू व्हायलाच त्यांना इतका वेळ लागायचा की मुलं तेवढ्यात पाणी पिऊन यायची. मी सुट्टीत बसून सगळ्यांवर लिनक्स टाकलं. फुकट मिळणारी, कुणालाही आतून उघडून बघता येणारी ही प्रणाली त्या म्हाताऱ्या यंत्रांना मानवली. मुख्याध्यापक सर खूश झाले आणि म्हणाले, "मॅडम, आता यांना कॅमेरे लावू. आपली मुलं घरबसल्या शास्त्रज्ञांशी बोलतील." नंदुरबारच्या एका दुकानातून ते मिळतील तसे, हरतऱ्हेचे कॅमेरे घेऊन आले.

कॅमेरे लावले. काहींनी लगेच चित्र दाखवलं, काही नुसते हिरवा दिवा लावून गप्प बसले. खोक्यावर लिनक्सचं नाव कुठेच नव्हतं. शोधता शोधता मला एक विकी सापडली. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची पानं. कुणीही यावं, भर घालावी, दुसऱ्याची चूक दुरुस्त करावी. त्यातल्या एका लांबलचक पानावर जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलं होतं की कोणता कॅमेरा या प्रणालीवर चालतो, कोणता नाही, कोणाचा माईक चालतो पण चित्र येत नाही. आमच्या दुकानातले कॅमेरे मात्र त्यात नव्हते. खाली एक ओळ होती, तुम्ही एखादा कॅमेरा तपासला असेल तर इथे लिहा.

मी तपासले होते. पण लिहायचं होतं इंग्रजीत, जगासमोर. चार ओळी लिहायला मी अख्खी दुपार घातली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कुणीतरी माझी स्पेलिंगं नीट करून ठेवली होती आणि खाली आभार मानले होते. न हसता, न टोकता. नोकरीत इतकी वर्षं काढली, पण अशी दुरुस्ती माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

तिथून मी सुटलेच. शहाद्याच्या फोटो स्टुडिओवाल्याचा कॅमेरा, शेजारणीच्या मुलाने पुण्याहून पाठवलेला, कारखान्याच्या ऊस काट्यावरच्या ऑफिसमधला बंद पडलेला म्हणून टाकून दिलेला, जो मिळेल तो मी दोन दिवसांसाठी मागून आणायची. चित्र कसं येतं हे बघायला समोर माणूस हवा. पती कारखान्यात, मुलगी बाहेरगावी शिकायला. राहिले मामा.

पहिल्या दिवशी ते कुरकुरत बसले. तिसऱ्या कॅमेऱ्यापासून दाढी करून बसायला लागले. टोपी कधी घालून, कधी काढून. मी खिडकी उघडी ठेवून बघायची, मग बंद करून, मग ट्यूबलाइट लावून. मामा स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघायचे आणि त्यांच्या अहिराणीत विचारायचे,

"मन्हं तोंड निळं काबर दिखी ऱ्हायनं?"

"ट्यूबलाइटमुळे, मामा."

"मंग तसं लिखी टाक. लोकेस्ले समजाले पाहिजे."

मी लिहिलं, कमी उजेडात चेहरा निळसर दिसतो. मामांनी ते वाचून दाखवायला लावलं आणि मान डोलावली. एका महागड्या कॅमेऱ्याने त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दाखवली, तर तो त्यांना मुळीच आवडला नाही. "हाऊ कॅमेरा नापास," म्हणाले. मी त्याला पास केलं, तेव्हा संध्याकाळपर्यंत माझ्याशी तुटक बोलले.

मग तो गोल काळा कॅमेरा आला. चिमट्याचा, लहान लिंबाएवढा. नंदुरबारच्या त्याच दुकानातून मी घरासाठी घेतला होता. लावला आणि चालला. मामाही त्यात चांगले दिसले. मी विकीवर लिहिलं, उत्तम चालतो.

आठवड्याभरात कुणीतरी ते खोडून लिहिलं, चालत नाही.

मी पुन्हा चालतो केलं. पुन्हा चालत नाही झालं. सोबत निरोप, तुम्ही हा कॅमेरा खरंच स्वतः लावून पाहिला आहे का? हे लिहिणारा माणूस युरोपातल्या कुठल्यातरी गावचा होता. त्याने नाव म्हणून एका पक्ष्याचं नाव घेतलं होतं. मला असा राग आला की भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि करपली. लावून पाहिला आहे का म्हणे! घरात कॅमेऱ्यांची रास, समोर रोज दाढी करून बसलेले सासरे, आणि हा मला विचारतो.

मामांनी करपलेली भाकरी बाजूला सारत सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "त्या माणूसले घर बलाव. चहा पाजू, अन तेन्हा डोयासमोर लावी दाखाडू."

"तो परदेशात आहे, मामा."

"मंग चहा ऱ्हाऊ दे."

चिडून मी ठरवलं, असाच दुसरा कॅमेरा आणून तोही तपासायचा, म्हणजे कुणाला बोलायला जागाच नको. रविवारी नंदुरबारला गेले. मिरचीचा हंगाम होता. गावाबाहेर वाळवणाच्या पथारींवर लाल मिरची पसरलेली, आणि रिक्षात बसल्यापासून मी शिंकत होते. दुकानात शिंकतच कॅमेरा मागितला. तेच खोकं, तेच चित्र, तेच नाव.

घरी आणून लावला. हिरवा दिवा लागला. स्क्रीन काळी.

केबल बदलली, कॉम्प्युटर बदलला. काळीच. मामा समोर ताटकळत बसलेले. मला वाटलं, आता त्या पक्षीवाल्याची माफी मागायची वेळ आली. मग दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून मी कॉम्प्युटरलाच विचारलं की हे कोण आहेत. यूएसबीला लावलेली प्रत्येक वस्तू कॉम्प्युटरला आपला एक ओळखनंबर सांगते. एक लहानशी आज्ञा दिली की तो नंबर स्क्रीनवर येतो. पहिल्याचा नंबर एक आला, दुसऱ्याचा भलताच. बाहेरून जुळे भाऊ, आत वेगवेगळ्या कारखान्यांच्या चिप.

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, खोकं एकच शे, भाव एकच शे. मझार काय शे ते माले कोन सांगी?"

त्याचंही बरोबर होतं. मी विकीवर निरोप लिहिला, कृपया तुमच्या कॅमेऱ्याचा नंबर सांगा. उत्तर आलं, तर तो माझ्या न चालणाऱ्या कॅमेऱ्याचाच नंबर होता. म्हणजे मीही खरं लिहीत होते आणि समोरचा माणूसही. त्या निरोपाखाली आणखी चार ओळी होत्या. तो माणूस नव्हता, बाई होती. तिच्या गावातल्या वृद्धाश्रमातले जुने कॉम्प्युटर ती सांभाळायची. माझं चालतो वाचून तिने तिथे हा कॅमेरा घेतला, आणि आजोबा-आजी नातवंडांची वाट बघत काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिले. म्हणून ती चिडली होती. वाचून माझा राग कुठल्या कुठे गेला. तिच्या जागी मी असते तर याहून तिखट लिहिलं असतं.

मग आम्ही दोघी त्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या मागे लागलो. ती सकाळी काहीतरी करून बघायची आणि लिहायची, मी शाळेतून आल्यावर ते करून बघायची. विकीवरच्या आणखी एकाने एक छोटा जोडप्रोग्रॅम सुचवला. तो घातला आणि संध्याकाळी काळ्या स्क्रीनवर एकदम मामा उमटले. टोपी खाली, हनुवटी वर.

मामा खुर्चीतून उठून उभे राहिले. स्क्रीनवरचे मामा आणखी खाली घसरले.

"अरे, मी वाघूळ व्हई गऊ!"

मला हसू आवरेना. पती कारखान्यातून आले, त्यांच्या अंगाला मळीचा वास, हातात डबा. दारातच थांबून त्यांनी वडिलांना स्क्रीनवर उलटं लटकलेलं पाहिलं आणि डबा खाली ठेवून तेही हसायला लागले. चित्र सुलटं कसं करायचं म्हणून मी सेटिंग शोधत बसले. सापडेना. शेवटी मामांनीच तोड काढली.

"कॅमेराच उलटा टांग ना मंग."

टांगला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला, दोऱ्याने. मामा सुलटे झाले आणि त्यांनी टोपी नीट केली.

मी विकीवर त्या नंबरापुढे लिहिलं, चालतो, पण उलटा टांगावा लागतो. खाली त्या बाईने हसण्याच्या खुणांची रांगच लावली. काही दिवसांनी तिने कळवलं, वृद्धाश्रमात कपाटाच्या फळीला कॅमेरा टांगला आहे आणि आजोबा-आजी रोज बोलतात. मग त्या पानावर सगळ्यांनी मिळून नंबराचा एक नवा रकाना वाढवला. जुन्या नोंदी तपासत आम्ही बरेच दिवस बसलो होतो.

हिवाळ्यात नंदुरबारला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. तिथे तोरणमाळच्या आश्रमशाळेतले एक सर भेटले. त्यांच्याकडेही तसलेच जुने कॉम्प्युटर, त्यांच्यावरही लिनक्स. शहरातल्या एका शाळेशी मुलांचं बोलणं घडवायचं त्यांच्या मनात होतं. मी त्यांना पान दाखवलं. त्यांनी त्यातून बघून कॅमेरे घेतले आणि लावायला मला बोलावलं. मामा म्हणाले, "मी बी येस." परीक्षेला माणूस लागेलच, असं त्यांचं म्हणणं.

जीप घाटाची वळणं घेत वर चढली तेव्हा मामा डोळे मिटून बसले होते. शाळेत मुलं केसांना तेल लावून, ओळीत तयार होती. भिंतीवर प्रोजेक्टर. मी कॅमेरे लावले आणि सगळेच्या सगळे पहिल्या फटक्यात चालले. सरांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनीही वाजवल्या. मग शहरातल्या शाळेला फोन लावायची वेळ आली आणि नेटवर्क गेलं.

सर मोबाइल घेऊन पटांगणात गेले, टाकीवर चढले, परत आले. "कालपर्यंत येत होतं हो, मॅडम." त्यांचा चेहरा पडला होता. मुलं अजून तशीच ओळीत बसून होती. मला फार वाईट वाटलं. इतके कॅमेरे तपासले, वरचं नेटवर्क कसं असतं हे कुणाला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

कॅमेरा चालूच होता. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तळहात त्याच्या अगदी जवळ नेला. भिंतभर धूसर काहीतरी आलं. काचेभोवतीची कडी मी सहज फिरवली आणि त्या धुसरातून तिच्या हातावरच्या रेषा बाहेर आल्या, नांगरलेल्या शेतासारख्या. वर्गात एकदम गलका झाला. मग कुणी मुंगी आणली, कुणी पीस, कुणी ज्वारीचा दाणा. मुंगीच्या डोक्यावरच्या मिशा हलताना पाहून लहान मुलं मागे सरकली. मुलं आपापसांत त्यांच्या पावरी बोलीत काय बोलत होती ते मला कळत नव्हतं, पण सर हसत होते. मधूनच ते मला मराठीत सांगायचे आणि मी मामांना अहिराणीत.

आवाज ऐकून स्वयंपाकघरातल्या ताई आल्या. हातात ताट, ताटात निवडलेली तूरडाळ. "माझी डाळ दाखवा बरं," म्हणाल्या. सरांनी मूठभर डाळ कॅमेऱ्याखाली पसरली. भिंतीवर पिवळे धोंडे दिसायला लागले, आणि त्यांतल्या एका धोंड्याआडून, रेड्याएवढा, एक किडा चालत बाहेर आला.

पोरं किंचाळली. ताईंनी तोंडाला पदर लावला. "निवडली होती हो मी!"

मग काय, सगळी डाळ पुन्हा निवडायची ठरली. मोठ्या मुली ताटं घेऊन बसल्या, मी बसले, मामा मांडी घालून बसले. थोडी निवडली की तपासायला कॅमेऱ्याखाली, किडा दिसला की वर्गभर आरोळी. सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "हे पण लिहिता येईल का त्या पानावर?"

"तुम्हीच लिहा."

"माझं इंग्रजी कच्चं आहे."

"माझंही आहे. तिथे लोक नीट करून देतात."

नेटवर्क आल्यावर त्यांनी लिहिलंच. ती नोंद अजून आहे, जवळचं फार छान दिसतं, डाळीतले किडे ओळखायला उपयोगी. त्यांची स्पेलिंगं आधीच कुणीतरी दुरुस्त केली होती, मला हात लावायची गरज पडली नाही.

त्या दिवशी जेवायला पार ऊन उतरलं. ताईंनी डाळीला नंदुरबारच्या मिरचीची आणि लसणाची फोडणी दिली होती. सगळी मुलं, सर, मामा आणि मी एकाच पंगतीत बसलो, आणि घास घेण्याआधी प्रत्येक जण वाटीत वाकून बघत होता.