बेटावरचा मंत्री आणि आमचे थोरले भाऊजी

वाशी तालुक्यात बसून कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा कारभार चालवणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझा थोरला दीर आहे. भाऊजी सरपंच होते ते आमच्याच गावचे. पण कॉलेजात असताना त्या बेटावरच्या क्रांतिसरकारातल्या एका मंत्र्याचं चरित्र त्यांच्या हाती पडलं, आणि तेव्हापासून गावात गटार बांधायचं असो की घरात पाहुणे यायचे असोत, अशा वेळी तो मंत्री काय करत असे हे आम्हाला आधी ऐकावं लागतं. तो सगळ्यांना कॉम्रेड म्हणे, म्हणून भाऊजीही म्हणू लागले. ‘कॉम्रेड, मीठ जरा जास्त झालंय,’ असं ते सासूबाईंना म्हणाले, तेव्हा ही एखादी शिवी असावी असं समजून त्यांनी अबोला धरला होता. मंत्र्याचा फोटो मोठा करून भाऊजींनी ग्रामपंचायतीत लावला. काळासावळा, दाढीवाला माणूस. दाखला काढायला आलेल्या एका नव्या सुनेने गावातलेच कुणी थोर पुरुष समजून फोटोला कुंकू लावलं, आणि तिचं पाहून बाकीच्याही लावू लागल्या. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी फोटो निरखून, हे परंड्याकडचे का, असं विचारलं. ‘व्हय, त्याच्या जरा पुढचे,’ भाऊजी म्हणाले.

तो मंत्री म्हणे सरकारचा जमाखर्च गावोगाव जाऊन, झाडाखाली बसून लोकांना वाचून दाखवी. भाऊजींनी तेच सुरू केलं, तेही थेट धनगरवस्तीपासून. तिथल्या एका म्हाताऱ्याने पहिला प्रश्न टाकला, ‘तुमच्या मंत्र्याकडं मेंढरं हायेत का?’ भाऊजी खोटं बोलत नाहीत. मेंढरं न्हाईत, शेळ्या हायेत, असं त्यांनी सांगितलं. म्हातारा म्हणाला, ‘मग वाचा. शेळ्यावाला बी आपलाच.’

या वाचण्यानेच घात केला. एका वाचनात, गटाराचं बिल पूर्ण निघालं पण गटार अर्धंच झालं, हे भाऊजींनी सगळ्या गावासमोर वाचलं. ते काम होतं उपसरपंचांच्या पुतण्याचं, आणि उपसरपंच म्हणजे भाऊजींचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी अविश्वास ठराव आणला.

अविश्वास ठराव म्हटला की आमच्याकडे सदस्य सहलीला जातात. मतदानापर्यंत कुणी फुटू नये म्हणून त्यांना जीपमध्ये घालून लांब कुठंतरी नेऊन ठेवतात. दोन सदस्य अजून कुंपणावर होते. त्यांना आपणच आधी उचलायचं, असं आमच्या लोकांनी ठरवलं. जीप, मुक्काम, जेवणखाण, सगळं मी नीट लावून दिलं होतं. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, ‘माणूस कोंडून मत घ्यायचं आसंल, तर मग मतदान कशाला?’

सकाळी विरोधकांची जीप त्या दोघांनाही घेऊन आमच्या दारावरून निघाली. भाऊजींनी ती हात करून थांबवली. आता भांडण होणार म्हणून मी बाहेर धावले, तर त्यांनी मला लिंबं आणायला पाठवलं. ‘ह्याला घाटात मळमळतं,’ असं म्हणून ती त्यांनी पुढच्या सीटवर बसलेल्या उपसरपंचांच्या हातात दिली. उपसरपंचांनी वर पाहिलं नाही. लिंबं मात्र घेतली.

सहलीवरून सगळे थेट मतदानालाच आले, आणि ठराव पास झाला. भाऊजींची खुर्ची गेली. दोघांची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे उपसरपंचांनीच त्यांना फटफटीवर आणून दारात सोडलं आणि ते पुढं गेले. माझा संताप मावत नव्हता. ताट वाढता वाढता मी त्या दोस्ताचा पुरता उद्धार केला. भाऊजी शांतपणे जेवत होते.

‘त्या मंत्र्याला त्याच्याच सोबत्यांनी भिंतीपुढं उभं केलं आन् गोळ्या घातल्या,’ ते म्हणाले. ‘माझ्यावाल्यानं मला घरी आणून सोडलं. आपलं गाव लई चांगलं हाय.’

मी आणखी भाकरी वाढायला गेले, तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. आणि मी भाकरी परत ठेवून आले तरी तो हात तसाच ताटावर होता.