टॉवेलचं बाळ

थोरलीच्या वेळी तुमची आई गरोदर असताना ती आणि तुमचे बाबा कोळवणला आमच्याकडे राहायला आले होते. तुमचे बाबा तेव्हा लॅपटॉपवर, बाप होणाऱ्यांसाठी असलेल्या वर्गाला बसायचे. त्या दिवशी टॉवेल गुंडाळून बाळासारखा छातीशी धरायचा आणि त्याच्याशी बोलायचं, असा धडा होता.

"टॉवेलशी कसल्या गप्पा मारतोस?" आजोबा हसले. "आम्ही नाही बुवा असलं काही शिकलो."

त्यांना कुणी शिकूच दिलं नव्हतं. तुमचे बाबा जन्मले माझ्या माहेरी, माले गावात. आजोबा दर रविवारी एसटीने यायचे. माझी आई उंबऱ्याच्या आतूनच बाळ दाखवायची. "तान्हं न्हाई देत पुरुषाच्या हातात, जावईबापू. सव्वा महिन्यानं, बारशाला घ्या." बारसं झालं तोवर त्यांना लांबूनच बघायची सवय लागली होती.

तुमच्या बाबांनी टॉवेल त्यांच्या हातात ठेवला. "मानेखाली हात घ्या, बाबा."

त्यांनी घेतला. टॉवेल छातीशी धरला. मग आजोबांनी टॉवेल उलगडून त्याची नीट घडी घातली.

अजूनही तुमच्या बाबांचा फोन आला की "बरा आहेस ना?" एवढंच विचारून आजोबा फोन माझ्याकडे देतात. आणि आमचं बोलणं संपेपर्यंत शेजारीच बसून राहतात.