पारूबाईंचा हळद-चुन्याचा लेप

"कांबळे मॅडम, डाव्या बाजूच्या फोटोत हे काय दिसतंय?"

शेख मॅडम फोनवर होत्या. त्या रेडिओलॉजिस्ट, म्हणजे आम्ही काढलेले फोटो वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर. त्या धाराशिवला बसतात. मी भूम तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या मैदानात उभ्या असलेल्या तपासणीच्या व्हॅनमध्ये होते. फोटो नेटवरून त्यांच्याकडे जातो आणि दोघींच्या स्क्रीनवर एकच चित्र दिसतं.

चित्रात पांढरे ठिपके होते. डाव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला, दोन बोटं रुंदीच्या जागेत, मीठ सांडावं तसे.

मी मॅमोग्राफी टेक्निशियन आहे. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. स्तन दोन प्लेटच्या मध्ये काही सेकंद दाबून धरायचा, म्हणजे आतलं सगळं पसरून नीट दिसतं. एका बाईचे चार फोटो होतात. प्रत्येक बाजूचा एक वरून आणि एक तिरका. दाब थोडा दुखतो, पण सहन होतो. फोटोत कधी कधी कॅल्शियमचे बारीक कण दिसतात. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात. पण काही प्रकारचे कण एका जागी गोळा झालेले असले, तर ती कॅन्सरची अगदी सुरुवातीची खूण असू शकते. हाताला गाठ लागण्याच्याही आधीची. म्हणून ठिपके दिसले की आम्ही खुर्चीत सरळ होऊन बसतो.

"पुंजका वाटतोय मॅडम," मी म्हणाले.

"वाटतोय. पण कण फार ठसठशीत आहेत. आणि काही त्वचेच्या अगदी कडेला आहेत. कातडी पुसली होती का? पावडर वगैरे?"

"विचारलं होतं. नाही म्हणाल्या."

"पुन्हा पुसा आणि रिपीट करा."

रिपीट म्हणजे तोच फोटो पुन्हा. रेडिएशन थोडंच असतं, पण उगाच कुणाला द्यायचं नसतं. म्हणून कारण असल्याशिवाय मी रिपीट करत नाही.

पारूबाई पडद्यामागे स्टुलावर बसल्या होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक, उजवा दंड पैलवानासारखा. त्यांची खव्याची भट्टी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या भूम भागातला खवा लांब लांब जातो. मोठ्या कढईत दूध ओतायचं आणि खाली लागू न देता घट्ट होईपर्यंत हलवत राहायचं. तासन्‌तास धग अंगावर घ्यावी लागते. पारूबाईंना त्यांची धाकटी जाऊ सुमन घेऊन आली होती. घेऊन आली म्हणजे दंडाला धरून, जवळजवळ ओढत.

काखेजवळची कातडी मला मघाशीच लालसर दिसली होती. कातडी लाल होणं हेही कधी कधी वाईट लक्षण असतं, म्हणून मी तेव्हाच विचारलं होतं.

"भट्टीची धग लागती ओ बाई," असं त्यांनी सांगितलं होतं. दुखतं का? "कायबी दुखत न्हाय." गाठ वगैरे? "न्हाय न्हाय. ही सुमी मागं लागली म्हून आले."

आता मी ओला नॅपकिन घेऊन ती जागा चोळली. नॅपकिन केशरी-लाल झाला. बोटांना कचकच लागली. हळदीचा वास आला.

"पारूबाई, हे काय?"

"काय न्हाय. हळद-चुना हाय. भाजलं व्हतं, तवा लेप लावला. सकाळी धुतला की म्या."

हळदीत चुना कालवला की तो लाल होतो, हे आपल्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं. आणि चुना म्हणजे कॅल्शियमच. तो कातडीच्या बारीक रेघांत बसला होता आणि एक्स-रेमध्ये कॅन्सरच्या कणांसारखा दिसत होता. लाल कातडीचंही उत्तर त्यातच होतं. मी विचारलं होतं पावडर लावलीय का, आणि पावडर त्यांनी लावलेली नव्हती. त्या खरंच बोलल्या होत्या.

साबणाच्या पाण्यानं जागा स्वच्छ केली, प्लेट पुसली, डाव्या बाजूचे दोन्ही फोटो पुन्हा काढले. ठिपके गायब झाले होते.

"वा," शेख मॅडम फोनवर म्हणाल्या. "आता जेवढं दिसतंय तेवढ्यात काही नाही. तक्रार काही सांगितलीय का त्यांनी?"

"नाही मॅडम. भाजल्याचा लेप होता म्हणतात."

"ठीक."

कॅम्पची व्यवस्था बघणारे माने सर दारात उभेच होते. माणूस चांगला, पण घड्याळ त्यांच्या मनगटावर नसून छातीत असावं. "झालं ना? चला, पुढच्या बाईला घ्या. बाहेर ऊन वाढलंय. अर्ध्या बायका कंटाळून घरी जातील."

पारूबाईंनी पदर सावरला. चेहरा एकदम मोकळा झाला होता. "बघ गं सुमी, म्हनलं नव्हतं?" असं म्हणत त्या पायऱ्या उतरायला लागल्या.

मी नॅपकिन कचऱ्यात टाकत होते. तेवढ्यात माझी आई डोळ्यांसमोर आली. आमचं गाव परंड्याजवळ. लहानपणी पाय मुरगळला की आई हळद-चुना गरम करून लावायची. मुका मार लागला, सूज आली, की हळद-चुना. गळवाला, गाठीलाही लावायचे. पण चुलीवर भाजलं तर? तेव्हा आई खोबरेल लावायची. भाजलेल्या कातडीवर चुना कोण लावेल? आधीच आग, त्यात चुना.

पारूबाईंचा सगळा जन्म भट्टीपुढं गेला होता. भाजल्यावर काय लावायचं हे त्यांना माझ्यापेक्षा नक्की जास्त कळत असणार.

मी दारात आले. "पारूबाई, जरा थांबा."

"आता काय राहिलं?"

"एकच विचारायचंय. आत या."

माने सर कपाळाला हात लावून म्हणाले, "कांबळे मॅडम, ते झालंय ना? फोटो क्लिअर आहे."

"फोटो क्लिअर आहे सर. बाई क्लिअर नाहीत."

"म्हणजे?"

"व्हॅन उद्या परंड्याला जाणार. या बाई तिकडं येतील का? बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात जातील का? आज गेल्या की गेल्या. मला थोडा वेळ द्या."

ते वळून बाहेरच्या बायकांना पाणी द्यायला गेले. मी त्याला परवानगी समजले.

पडदा ओढला. सुमनही आत आली. मी पारूबाईंच्या समोर बसले.

"भाजल्यावर चुना लावता तुम्ही?"

पारूबाई पडद्याकडं बघायला लागल्या.

"मी पण ह्याच भागातली आहे. भाजल्यावर काय लावतात ते मला माहीत आहे. लेप कशासाठी लावला होता?"

सुमनच बोलली. "आक्का, सांग की आता. का म्या सांगू? रोज राती दार लावून लेप लावतीस, मला काय वास येत न्हाय व्हय? आगं, हळदीचा डबा महिन्याला रिकामा व्हायला लागला. म्या म्हनलं, ह्या घरात काय लगीन निघालंय का काय!"

"गप गं."

"न्हाय गप बसणार. उगंच आनलंय का तुला हितं?"

पारूबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता. "बाई, तुमचं काय जातंय? तुम्ही फोटू काढून जानार. गावात नाव झालं तर माझ्या हातचा खवा कोन घील? पलीकडच्या वस्तीवरच्या बाईला झालं व्हतं. तिला सुनेनं ताट वेगळं केलं. हौदाला हात लावू देईनात. माझी कढई बंद पडली तर घर कशावर चालायचं?"

म्हणजे मरणाची भीती दुसऱ्या नंबरला होती. पहिली भीती कढईची होती.

"कॅन्सर हातानं लागत नाही," मी म्हणाले. "ताटानं, पाण्यानं, दुधानं कशानंच लागत नाही. लागत असता तर मी रोज एवढ्या बायकांना हात लावते, माझं काय झालं असतं? मी घरी जाऊन ह्याच हातानं भाकरी करते. आणि आहे ते कॅन्सरच आहे असंही मी म्हणत नाही. पुष्कळ गाठी साध्या असतात. पण साधी आहे का नाही हे लेपाला कळत नाही. तो वरच्यावर राहतो. तुम्ही फक्त जागा दाखवा."

बाहेर जनरेटर चालू होता. मग पारूबाईंनी पदर बाजूला केला आणि एक बोट ठेवलं. अगदी बाहेरच्या टोकाला, जिथं स्तन संपून काख सुरू होते तिथं.

ती जागा आमच्या कामातली अडचणीची जागा आहे. प्लेट दाबली की तिथला भाग कधी कधी निसटून बाहेर राहतो. फोटो नियमाप्रमाणे बरोबर असतो, पण ते टोक त्यात नसतं. मी हात लावून बघितलं. हरभऱ्याएवढं, कडक, जागचं न हलणारं काहीतरी लागलं.

शेख मॅडमना फोन केला. "मॅडम, गाठ आहे. लपवत होत्या. बाहेरच्या टोकाला आहे, फोटोच्या बाहेर."

"मार्कर लावा आणि ते टोक ओढून घ्या. लहान प्लेट वापरा."

मार्कर म्हणजे धातूचा छोटा मणी. गाठीवर चिकटपट्टीनं लावायचा, म्हणजे फोटोत जागा कळते. मणी लावला. पारूबाईंना थोडं तिरकं वळवलं, खांदा सैल सोडायला लावला, काखेकडचा भाग हातानं पुढं ओढून लहान प्लेटखाली घेतला.

"दुखंल का?"

"थोडं. कढईच्या चटक्यापेक्षा कमी."

"मग घ्या."

फोटो आला. मण्याच्या खाली एक पांढरा गोळा होता. कडा गोल नव्हत्या. गोखरूसारख्या, काटे फुटलेल्या. स्क्रीनवर मोजलं. अकरा मिलिमीटर.

शेख मॅडम म्हणाल्या, "ह्यांना तुमच्याच गाडीनं बार्शीला पाठवा. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते. सुई टाकून तपासावं लागेल. आणि कांबळे ताई, लहान आहे. वेळेत आहे."

माने सरांनी स्क्रीन बघितला. त्यांना फोटो वाचता येत नाही, पण माझा चेहरा वाचता आला. स्वतःहून म्हणाले, "ड्रायव्हरला सांगतो, कॅम्पची जीप घेऊन ह्यांना बार्शीला सोड."

सुईच्या तपासणीत कॅन्सर निघाला. पण काखेत मुळातच असलेल्या ग्रंथींपर्यंत पोचला नव्हता. सगळा स्तन काढावा लागला नाही. फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढला, काखेतल्या दोन-तीन ग्रंथी तपासायला घेतल्या. नंतर काही आठवडे रोजचे शेक, म्हणजे रेडिएशन. मग गोळ्या, त्या अजून चालू आहेत. हे सगळं मला सुमन फोनवर सांगायची. तिचा फोन आला की माझा स्वयंपाक करपतो, एवढं बोलते.

तिनंच पुढची गोष्ट सांगितली. पारूबाई शेकाला जाऊ लागल्या तेव्हा त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, डेअरीवर, दूध घालायच्या वेळेला, सगळ्यांदेखत सांगून टाकलं. लपवलं तर लोक चार तऱ्हेनं बोलतील, त्यापेक्षा हेच बरं. काही दिवस लोक जरा लांबून बोलले. भट्टी सुमननं सांभाळली. भूमच्या हलवायाला ती खवा पाठवत होती. एक दिवस हलवायाचा फोन आला. सुमनला वाटलं, आता हा ऑर्डर बंद करतो.

तो म्हणाला, "पारूबाई कधी येत्यात भट्टीवर?"

सुमन म्हणाली, "त्यास्नी बरं न्हाय, माहिताय न्हवं तुमास्नी?"

"माहिताय की. आजाराचं मला काय सांगता? औषधपाणी चालू हाय ना? मग झालं. तुमचा खवा चिकट येतोय. दानेदार त्यांच्याच हातचा. गिऱ्हाइकं मला शिव्या घालायला लागलीत."

सुमन मला म्हणाली, "बाई, कॅन्सर बरा झाला ह्याचा आनंद हायच. पर त्यानं माझ्या खव्याला नाव ठेवलं ते काय मी इसरणार न्हाय."

यंदा व्हॅन पुन्हा त्या गावात गेली. शाळेच्या मैदानात पोचलो तर रांग आधीच लागलेली. माने सर घड्याळ बघायचं विसरले. मागच्या वेळी घरोघर फिरून बायका गोळा कराव्या लागल्या होत्या. ह्या वेळी शेजारच्या वस्तीवरूनही आल्या होत्या. ताट वेगळं केलेल्या बाईची सूनही रांगेत होती.

व्हॅनच्या पायरीशी पारूबाई उभ्या होत्या. एका हातात बादली, दुसऱ्या हातात ओलं फडकं. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात त्यांनी मला आधी डोक्यावर नेऊन दाखवला. "रोज भिंतीवर बोटं चढवती, डाक्टरांनी सांगितलेलं. आता निम्मी कढई ह्या हातानं हलवती."

मग त्या रांगेकडं वळल्या. पुढं एक म्हातारी होती.

"आजी, काय लावलंय का अंगाला? हळद, चुना, कायबी?"

"न्हाय गं."

"खरं सांग. आन लावलं आसंल तर कुठं लावलंय, त्यावर बोट ठिव."

म्हातारीनं इकडंतिकडं बघितलं आणि बोट ठेवलं.

पारूबाईंनी आत बघून हाक मारली, "बाई, हिची ती बाजू नीट वडून घ्या."

ओढून घेतली. म्हातारीची गाठ साधी निघाली. नुसती चरबीची, काही करायची गरज नसलेली. ते ऐकून तिनं पारूबाईंना दोन सणसणीत शिव्या दिल्या आणि मग त्यांच्याच खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरली.

आमच्या व्हॅनमध्ये आता "पावडर लावलीय का" असं कुणी विचारत नाही. "काय लावलंय आणि कशासाठी" असं विचारतो. पहिल्या अर्ध्या प्रश्नानं फोटो स्वच्छ येतो. गाठ सापडते ती दुसऱ्या अर्ध्या प्रश्नानं.