मंगलची बाहेरची कामं

भाजे गावात रस्त्यानं निघालेल्या माणसाला भेटेल तो विचारतो, "कुटं निघालात?" यात कुणाला काही खोचक वाटत नाही. न विचारलं तरच वाटतं, काहीतरी बिनसलंय. उत्तर मात्र कामाचं लागतं. दळणाला, बँकेत, दवाखान्यात, मयताला, सोयरिकीचं बोलायला, काहीही चालतं. "असंच" चालत नाही. असंच म्हणणाऱ्या गड्याला गाव रिकामटेकडा म्हणतं. असंच म्हणणाऱ्या बाईला काय म्हणायचं हे गावानं अजून ठरवलेलं नाही, कारण तशी बाई भाज्यात अजून निघाली नाही.

मंगलही असंच म्हणाली नव्हती. तिच्याकडे प्रत्येक वेळी काम होतं. ते तिनं कुठून पैदा केलं, त्याचीच ही गोष्ट.

मंगलचं माहेर पवनानगरचं. तिचे वडील भिमाजी यांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक पंप आणि पंक्चर तपासायला पाण्याचं घमेलं. भिमाजींना मुलगा नव्हता, म्हणून मंगल शाळेतून आली की घमेल्यापाशी बसायची. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा कुठून येतो ते बघायची. दुरुस्त झालेली सायकल धरणाच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आणणं हेही तिचंच काम. चेन नीट बसली की नाही हे चालवल्याशिवाय कळत नाही, असं भिमाजी म्हणायचे. चेन नीट बसलेली असायची हे दोघांनाही माहीत असायचं.

लग्न होऊन ती भाज्याला आली आणि सायकल सुटली. हात मात्र सुटले नाहीत. नवरा उमेश तळेगावच्या कंपनीत, पाळीपाळीनं कामाला. चांगला माणूस, निर्व्यसनी, पण खिळा ठोकायला गेला तर भिंतीचा पोपडा काढणारा. त्यामुळे घरातली सगळी डागडुजी पहिल्यापासून मंगलकडे आली. कुकरची शिटी, पंख्याचा रेग्युलेटर, मिक्सरचा गळणारा खालचा भाग, मोरीचं तुंबणं, दाराची कुरकुर. शेजारची सरूबाईसुद्धा इस्त्री घेऊन तिच्याकडेच यायची. मंगलला याचा कंटाळा नव्हता. उलट गळका नळ बंद झाला, मोरीत शांतता झाली की ती ओट्याशी उभ्या उभ्या अर्धा कप चहा प्यायची. तो चहा दिवसभराच्या सगळ्या चहांपेक्षा गोड लागायचा. घरात एवढं सुख तिला पुरत होतं. किंवा पुरतं असं तिला वाटत होतं.

मग सासूबाईंच्या, म्हणजे नंदाबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. उठायला आधार, बसायला आधार, मोरीपर्यंत जायला आधार. नंदाबाई दुष्ट नव्हत्या. पण दारातल्या खुर्चीवर बसून त्यांना मंगलचा आवाज ऐकू आला नाही की त्या हाक मारायच्या. लेक समीक्षा नर्सिंगला पुण्याच्या वसतिगृहात गेली. उमेश पाळीवर. घरात उरल्या दोघी. पहिल्यांदा मंगलचं शेतात जाणं थांबलं, मग बचत गटाची मीटिंग, मग आठवड्याचा बाजार. "तू कशाला दगदग करतीस, मी आणतो ना येताना," उमेश म्हणायचा, आणि खरंच आणायचा. कोथिंबीर निवडलेली आणायचा. अशा माणसाशी भांडायचं कशावरून?

एके दिवशी टाकीखालचा नळ धो धो गळायला लागला. आतला वायसर, म्हणजे रबराची चकती, पार झिजून गेला होता. उमेश कामावर, टाकी रिकामी होत चाललेली. नंदाबाईच म्हणाल्या, "अगं जा, मळवलीवरनं घेऊन ये. पर लगीच ये." मळवली पायी जाऊन यायचं तर वेळ लागणार. मागच्या गोठ्यात समीक्षाची सायकल उभी होती, आठवीत शाळेकडून मिळालेली. मंगलनं ती पुसली, हवा भरली, पदर खोचला आणि टांग टाकली.

पहिल्या वळणापर्यंत हँडल थोडं डगमगलं. मग आठवलं सगळं. पायांना आठवलं, कमरेला आठवलं. कोंडाजी आबा पारावरून ओरडले, "मंगल, कुटं निघालीस गं?"

"नळाचा वायसर आणाया, आबा!"

"जा जा." आबांचं समाधान झालं.

एक्सप्रेसवेवरच्या पुलावर ती क्षणभर थांबली. खालून गाड्या सुसाट चालल्या होत्या, अर्ध्या मुंबईला, अर्ध्या पुण्याला. कानात वारा शिरलेला होता. आपण हसतोय हे तिला गालांवरून कळलं. मळवलीला वायसर घेतला, घरी आली, नळ बसवला. चहा केला. पण त्या दिवशी चहा नुसता चहासारखाच लागला, कारण खरी गोडी वाटेतच सांडून आली होती.

नंतर दोन आठवडे घरात काही बिघडलं नाही. मंगल रोज नळांकडे बघायची. नळ इमानदार निघाले. शेवटी एका दुपारी नंदाबाई डोळा लागून घोरत असताना तिनं मोरीचा नळ खोलला आणि आतल्या रबरावर ब्लेडनं बारीक चीर दिली. भिमाजींच्या पोरीनं चांगली वस्तू बिघडवायची म्हणजे पापच. सकाळी नळ टपटपायला लागला तेव्हा तिला लाज वाटली आणि सायकलची चावी शोधावी लागली नाही, ती कमरेलाच होती.

एकदा सुरुवात झाल्यावर मात्र बाईनं कसर ठेवली नाही. कुकरची रिंग ताणली. बल्बचा होल्डर ढिला केला. मिक्सरचं कपलिंग दात्यांवरून घसरलं. मावळात एवढं नाजूक घर दुसरं नसेल. पुढं पुढं मळवलीत तो माल मिळेनासा झाला. म्हणजे मिळायचा, पण मंगल त्या दुकानापाशी थांबायचीच नाही. रेल्वेचं फाटक ओलांडून, इंद्रायणीवरून थेट कार्ला फाट्यापर्यंत जायची. "मळवलीचा माल हलका हाय," ती घरी सांगायची. नंदाबाई मान डोलवायच्या.

शनिवार-रविवारी पुण्याहून सायकलवाले यायचे. रंगीत हेल्मेटं, अंगाला चिकटलेले कपडे. त्यात बायाही असायच्या. एकदा मंगलच्याच वयाची एक जण पाणी मागायला दारात थांबली. नंदाबाईंनी सवयीनं विचारलं, "कुटं निघाला?"

"कुठंच नाही, आजी," ती हसत म्हणाली. "असंच."

ती गेल्यावर नंदाबाई म्हणाल्या, "घरची कामं कोण करतं गं ह्यांची?" मंगल रिकामा तांब्या घेऊन उभी होती. तिला त्या बाईचा हेवा वाटला, सरळ सरळ. हेल्मेटचा नाही, सायकलचाही नाही. त्या शब्दाचा.

उमेशला बायकोचे हाल दिसत होते. बिचारी सारखी उन्हातान्हात सायकल मारत फाट्याला जाते, घर कसं सडत चाललंय बघा. आपलं लक्ष नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. बोनस झाला तसा तो प्लंबर घेऊनच घरी आला. सगळे नळ बदलले, चकचकीत, वायसरच नसलेले. मिक्सर नवा. कुकर नवा. आणि वर खणाखणांची एक निळी पेटी. त्यात होल्डर, रिंगा, फ्यूजची तार, खिळे, स्क्रू, टेप, सगळं नीट लावलेलं.

"बघ," तो पेटी उघडून म्हणाला. त्याचा चेहरा इतका खुलला होता की मंगलला बघवेना. "आता तुला कुटं जायाची गरजच न्हाई. समदं हितंच."

"बरं केलंत," मंगल म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं नव्या नळाखाली हात धरला. पाणी गुपचूप यायचं, गुपचूप थांबायचं. तिला वाटलं, मोठ्यानं ओरडावं. ओरडून काय सांगणार? नवऱ्यानं नळ बसवले म्हणून?

चार दिवसांनी जेवताना उमेश म्हणाला, "ती सायकल पडूनच हाय. रुपालीची पोरगी आठवीला गेली, तिला देऊन टाकू. रविवारी येनारे रुपाली, घेऊन जाईल जीपवर टाकून." रुपाली म्हणजे त्याची धाकटी बहीण, पवनानगरच्या पलीकडे दिलेली.

"नको," मंगल म्हणाली.

उमेश थांबला. "का? तुला काय काम हाय सायकलचं?"

मंगलनं काम शोधलं. दळण उमेश नेत होता. भाजी उमेश आणत होता. बाकी सगळं त्या निळ्या पेटीत होतं. शेवटी तिच्या तोंडून खरं निघून गेलं. "फिरायला."

नंदाबाईंनी घास हातात धरून सुनेकडे बघितलं. उमेश मात्र हसला, आणि त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, तेच वाईट. "अगं येडे, मग मला सांगायचं न्हाई का! फिरायला सायकल कशाला? गाडी हाय ना आपली."

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. सरूबाईला नंदाबाईंपाशी बसवलं आणि मंगलला मोटरसायकलवर मागं घेऊन थेट पवना धरणाला नेलं. वाटभर मंगलला त्याच्या शर्टाची पाठ दिसत होती. चढ आला कधी, उतार लागला कधी, काही पायांना कळलं नाही. कोंडाजी आबांनी विचारलं तेव्हा उत्तरही उमेशनंच दिलं. धरणावर त्यानं तिला कणीस घेऊन दिलं, पाण्याकडे पाठ करून उभं केलं, फोटो काढला, समीक्षाला पाठवला.

"झालं का फिरून?" परत येताना त्यानं मान वळवून विचारलं.

"झालं."

"मग देऊ ना सायकल?"

वारा जोराचा होता, ऐकू आलं नाही असं दाखवणं सोपं गेलं.

शनिवारी दुपारी मंगल हातोडी घेऊन गोठ्यात गेली. पायडलचा दांडा जिथं आसाला जोडलेला असतो तिथं करंगळीएवढी एक लोखंडी पिन असते, तिला कॉटर म्हणतात. तिचा नट काढला, आणि वडील ठोकायचे तशी अंदाजानं ठोकून पिन बाहेर पाडली. दांडा लुळा होऊन लोंबायला लागला. पिन तिनं निळ्या पेटीत टाकली, स्क्रूंच्या खणात. तिथं ती कुणाच्या बापाला ओळखू आली नसती.

रविवारी रुपाली आली. जेवणं झाली, सायकल बाहेर काढली, आणि डावं पायडल खाली लोंबकळलं. उमेश कानकोंडा झाला. "हे कधी झालं? बरं, असू दे, घेऊन जा, तिकडं कुणीबी बसवून देईल."

"नको दादा," रुपाली लगेच म्हणाली. "म्हायेरची वस्तू अशी मोडकी न्यायची म्हंजे, सासरी आत्याबाई काय म्हनतील? नीट करून ठेवा, मग नेते."

"तेबी खरंच," नंदाबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "लेकीला मोडकं देत्यात व्हय? मंगल करंल की. तिला किती येळ लागतोय."

मंगलचा अंदाज बरोबर निघाला होता. माहेराहून लेकीला मोडकं जात नाही. पातेलं द्यायचं तरी पोचा काढून, कल्हई करून देतात. जीप सायकल न घेता गेली. मंगलनं सायकल परत गोठ्यात लावली तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिनं सीटवर हात ठेवून दोन मिनिटं नुसता श्वास घेतला. मग लुळ्या पायडलकडे लक्ष गेलं, आणि काय झालंय ते तिच्या ध्यानात आलं.

नीट केली की सायकल रुपालीकडे जाणार. ठेवायची तर मोडकीच ठेवावी लागणार. आणि मोडकी सायकल घेऊन पुलापर्यंत कोण जातं?

तेव्हापासून सायकल गोठ्यात आहे. मंगल येता-जाता तिची धूळ पुसते, चेनला तेल देते, हवा कमी वाटली तर भरते. तो लोंबता दांडा मात्र तिला बघवत नाही. टपकणारा नळ अर्धा तास सहन न होणारी बाई ती, तिचे हात शिवशिवतात. एक पिन, हातोडीचे दोन ठोके.

परवा उमेशनं स्वतःच सायकलवाल्याला विचारून नवी कॉटर आणून तिच्या हातावर ठेवली. मंगलनं ती उलटसुलट बघितली. अगदी बरोबर मापाची होती.

"न्हाई बसायची," ती म्हणाली. "जाड हाय."

उमेशनं डोकं खाजवलं. "तुझ्या हातनं होत न्हाई म्हंजे गेलीच म्हनायची ती. मग असं कर, भंगारवाला येतोय, त्याला तरी देऊन टाकू. उगा जागा अडून ऱ्हातीया."

"न्हाई, न्हाई," मंगल घाईघाईनं म्हणाली. "होईल दुरुस्त. करते की सवडीनं."

दारातून नंदाबाईंनी हाक मारली. मंगलनं ती पिन कनवटीला लावली आणि सासूला उठवायला गेली.