पायांना न कळलेला नमस्कार

मणक्याला मार बसल्यापासून, गेली कित्येक वर्षं, अप्पाकाका व्हीलचेअरमध्ये असतात. कमरेखाली त्यांना काही जाणवत नाही. काल मी भेटायला गेले आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या जेलचं कौतुक सांगत बसले. सुईतून ते पाण्यासारखं आत जातं, अंगाच्या उबेनं घट्ट होतं आणि दुखावलेल्या मज्जारज्जूपाशीच थांबून औषध हळूहळू सोडत राहतं. नुसतं टोचलेलं औषध वाहून जातं, हे जेल मात्र थांबतं. काका खिडकीबाहेर बघत ऐकत होते. ते जेल फक्त ताज्या जखमेसाठी आहे, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

निघताना सवयीनं पाया पडले आणि आशीर्वादाची वाट बघत वाकूनच राहिले. काकांची नजर बाहेरच. शेवटी काकू हळूच म्हणाली, "अहो, ती पाया पडतेय."

मज्जारज्जूला कुठे इजा झाली की कुठलं अंग बधिर होतं, हे मी रोज शिकवते. थांबणाऱ्या औषधाच्या गप्पा मारून अर्ध्या तासात निघालेही होते.

ओशाळले ते काकाच. "पुन्हा पड गं," ते हसून म्हणाले, "या वेळी बघतो."

मी पुन्हा वाकले. त्यांनी बघितलं असणार. मला वर बघवेना.