फ्लोट उलटा होता, आणि ‘बस’सुद्धा

मंडळी, आधी एक दुरुस्ती. परवा मी लिहिलं होतं की फ्लोट स्विच खराब निघाला. तो चांगला होता, मीच उलटा बसवला होता. दुकानदाराला सॉरी म्हणून झालंय.

नवीन लोकांसाठी: मी इथे आखातात, खलिफा सिटीत एकटी राहते आणि घरी माल्टची बिअर उकळते. यीस्ट घालत नाही, म्हणजे दारू होत नाही. इथले नियम दोनदा वाचलेत. पातेल्यात पाणी खुणेपर्यंत आलं की फ्लोट वर उचलला जातो आणि पंप बंद होतो.

लहानपणी वसईला हा फ्लोट मीच होते. पप्पा नळ सोडायचे, मी खुणेवर नजर ठेवून ओरडायचे, "बस!"

आज फ्लोट सुलटा लावला. पाणी खुणेला टेकलं आणि सवयीने मी मोठ्याने ओरडले, "बस!" पंप तोपर्यंत आपोआप थांबला होता.

तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधल्या लीना आंटी.

"कोण आलंय गं? कोणाला बस म्हणालीस? म्हटलं, आले बाई एकदाचे पाहुणे!"

"कोणी नाही आंटी. पाण्याला म्हणाले."

"वा! पाण्याला बस म्हणतेस, मला नाही कधी म्हणालीस."

हसत हसत गेल्या. मी तेव्हाही दारातच उभी. आता पातेलं बरोबर भरतं आणि घरात कोणाची गरज लागत नाही.

तुम्ही शेवटचं ‘बस’ कोणाला म्हणालात? माझ्याकडे खुर्ची एकच आहे. ती आंटींना देऊन मी ‘बसा’ म्हणणार आहे, या शनिवारी.